दार नीट लागलेलं नाही

मी फ्रीजर बोलतोय. आइस्क्रीमचा नाही हो, उणे ऐंशी अंशांचा. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या एका संशोधन संस्थेत तळमजल्यावर उभा आहे आणि खरं सांगायचं तर या क्षणी मला भयंकर भीती वाटतेय.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! माझी शिट्टी वाजली की लोक हातातलं टाकून धावत यायचे. पण दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी मी बोंबलायचो, म्हणून सगळे कंटाळले. आता येणारा-जाणारा न बघताच आवाज बंद करायचं बटण दाबतो. जुना आहे मी; एकदा गप्प केलं की कुणी पुन्हा सुरू करेपर्यंत गप्पच.

माझ्या पोटात टॅम्सिनचे नमुने आहेत. टॅम्सिनला नुकतीच डॉक्टरेट मिळालीय. हुशार पोर, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळतं. छोट्या विमानाने टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर जाऊन, तापाने हृदय बिघडलेल्या मुलांचं रक्त तिने आणलं. त्यातली एक मुलगी आता नाही. तिचं नाव मी घेणार नाही; गेलेल्याचं नाव न घेण्याची तिच्या माणसांची रीत आहे. तिच्या आजीने टॅम्सिनला बजावलं होतं, "पोरी, हे वाया घालवू नकोस हं."

एक फ्रीजर बिघडला तरी सगळं जाऊ नये, म्हणून अर्धे नमुने शेजारच्या फ्रीजरमध्ये ठेवायची इथली पद्धत आहे. कामाच्या धबडग्यात टॅम्सिनकडून ते राहून गेलं.

गेल्या आठवड्यात माझ्या दाराच्या कडेला साचलेला बर्फ ती खरवडत होती, तोच तिची प्रोफेसर ग्लेनिस आली.

"अगं, हे काय करत बसलीस? फेलोशिपची मुलाखत तोंडावर आलीय!"

"बर्फ वाढलाय, ग्लेनिस. दार नीट लागत नाहीये."

"बर्फ खरवडून कुणाला फेलोशिप मिळाल्याचं ऐकलंयस? ही हुकली तर नोकरीही गेली, कळतंय ना? जा, बोलायची तयारी कर."

"बरं," म्हणून टॅम्सिन उठली. ग्लेनिस वाईट बाई नाही, तिलाही कुणीतरी असंच वाढवलं असणार. पण "थांब, आधी हे काम संपवते" एवढं म्हणायला त्या पोरीला कुणी शिकवलंच नाही.

आज मुलाखतीला जायच्या आधी ती माझ्यापुढे उभी राहिली आणि मलाच समिती समजून बोलू लागली. मध्येच धीर यावा म्हणून की काय, तिने दार उघडून आपल्या नळ्या पाहिल्या आणि दार लोटलं. ते बर्फावर अडलं. मी जिवाच्या आकांताने शिट्टी मारली.

"गप रे बाबा, आत्ता नको!" तिने बटण दाबलं, अडखळलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि गेली.

बोटभर फटीतून बाहेरची दमट हवा आत शिरतेय. माझी मोटर धापा टाकतेय. वरच्या कप्प्यात, दारालगत, त्या मुलीची नळी आहे. तिच्यावर पाणी सुटायला लागलंय. बाहेर कुणीतरी हसत हसत गेलं. मला आवाज नाही.

कुणीतरी या हो! फार काही नको, दार ढकला नाहीतर मला रिकामं करा. टॅम्सिन आता समितीपुढे असेल. "नमुने सुरक्षित आहेत," असं ती सांगत असेल, आणि आज ती एकदाही अडखळत नसेल.