बिडात पाडलेली दोन भोकं

हल्ली मागच्या खोलीत गोल करवतीचं मशीन सुरू झालं की पुढच्या खोलीत सुनेची शिलाई थांबायची. सासरे खुर्च्यांचे सांगाडे करायचे, ती त्यांच्या गाद्या शिवायची. तेरा वर्षं दोघांचं असंच चाललं होतं आणि त्या आवाजाकडे तिचं कधी लक्षही गेलं नव्हतं. पण वर्षभरापासून सासऱ्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मशीनला ना पात्यावर झाकण, ना ब्रेक. बटण बंद केल्यावरही पातं पाऊण मिनिट फिरत राहायचं. सुई वर ठेवून ती ते पाऊण मिनिट कशीबशी काढायची. नवरा बस चालवायचा, दिवसभर बाहेर. काळजी वाटून घ्यायलाही घरात कुणी नव्हतं.

त्या मंगळवारी आवाज मध्येच बदलला. आधी घुसमटल्यासारखा झाला, मग धाडकन काहीतरी आदळलं. ती धावली. सासरे टेबलाला धरून उभे होते. मागच्या कपाटाच्या दाराला भोक पडलं होतं आणि हातभर लांबीची फळी त्यात रुतून बसली होती.

"बाबा, बोटं दाखवा!"

त्यांनी दोन्ही पंजे वर केले. "मोजून घे. दहाच्या दहा आहेत. फळी जरा रुसली, एवढंच."

पण जेवताना ते एका कुशीवर कलून बसले. फळी कपाटाकडे जाताना त्यांच्या कमरेला घासून गेली होती, आणि हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. शर्टाखालचा काळानिळा डाग बघून तिने ताट बाजूला सारलं.

"आता एक तर ते मशीन विका, नाहीतर दुरुस्त तरी करून घ्या," ती म्हणाली. "रोज जीव मुठीत धरून मला शिवता येत नाही."

"विकू की. पण काय आहे ते कळल्याशिवाय भंगारवाल्याच्या गळ्यात मारणार नाही."

मशीन त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या शाळेच्या कार्यशाळेतून आणलं होतं. दर दोन-चार वर्षांनी ते त्याला हिरवा रंग फासायचे, त्यामुळे ते कुठलं, कधीचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनेने चौकशी करून एका निवृत्त फिटरला बोलावलं. जुनी यंत्रं पारखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खिशात कायम भिंग असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणायचे.

भिंगवाल्यांनी आल्या आल्या चहाला नाही म्हटलं आणि सरळ जमिनीवर उताणे झोपून टेबलाखाली शिरले. रंगाचे पापुद्रे खरवडले. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, उमटलेला एक आकडा निघाला, त्याखाली एक पुसट शिक्का. मग बाहेर येऊन त्यांनी टेबलावर मोजपट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून कुठे उजेड दिसतो का ते पाहिलं. कुठेच दिसला नाही. पातं हलवून पाहिलं, पट्ट्याची पुली फिरवली, बेअरिंगला कान लावला. डॉक्टरच्या निदानाची वाट बघावी तशी सून दाराशी उभी होती.

"मोटर नंतरची आहे. बाकी सगळं मूळचं," ते शेवटी म्हणाले. "नव्वद वर्षांच्या पुढचं आहे हे. चिरा नाहीत, बाकही नाही. जुनी यंत्रं जमवणारा हौशी माणूस नव्या मशीनच्या तिप्पट किंमत देईल."

सासऱ्यांची छाती फुगली. सुनेने घाईने विचारलं, "आणि पात्यामागे ती पोलादी पट्टी लावतात ना? फळी पात्यावर आवळून मागे उडू नये म्हणून?"

"लावता येईल. पण पातं वरखाली करणारा हा बिडाचा पाळणा आहे ना, त्यात दोन भोकं पाडावी लागतील. भोकं पडली की किंमत निम्मी. आणि पाळणा तडकला तर मशीनच संपलं. तसा दुसरा मिळणार नाही."

"घेणारा चालवेल का हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे! दिवाणखान्यात मांडून ठेवेल."

पुढचे दोन दिवस मशीनला सासऱ्यांनी हात लावला नाही. हातकरवतीने कापायला बसले, पण करवत पेन्सिलीच्या रेघेवरून घसरायची. आवाज नव्हता, तरी सुनेला चैन पडेना. त्यांनी मशीन विकलं तर ते खचतील, आणि किमतीसाठी तसंच ठेवलं तर एखाद दिवशी बोटं जातील. काय व्हावं असं वाटतं, हेच तिला ठरवता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. पोलादी पट्टी, पात्यावरचं पारदर्शक झाकण आणि पायाने दाबलं की पातं थांबवणारं ब्रेकचं बटण, सगळं त्यांनी टेबलावर मांडून ठेवलं होतं. पाळण्यावर खुणा केलेल्या होत्या. हातात ड्रिल होतं आणि त्याचं टोक खुणेभोवती नाचत होतं.

"बाबा, मी पाडू?"

त्यांनी बराच वेळ त्या टोकाकडे पाहिलं. मग ड्रिल तिच्या हातात दिलं. "घाई करायची नाही. दाबायचं नाही. बीड काळ्या भुकटीसारखं निघेल. करकर ऐकू आली तर लगेच थांब."

पहिलं भोक पडलं. दुसरं काठाच्या जवळ होतं. अर्ध्यात बारीक करकर झाली आणि ती गोठली. सासरे खाली वाकले, बोटाने काठ चाचपला, नखाने पुन्हा एकदा तपासला. "चीर नाही. टोक बोथट झालंय. बदल."

दुपारी सगळं बसलं. त्यांनी मुद्दाम एक ओलसर, पिळवटलेली फळी आणली. "पात्याच्या रेषेत उभी राहू नकोस, बाजूला हो," म्हणाले आणि स्वतःही सरकून उभे राहिले. फळी अर्ध्यावर आवळली, मोटर कण्हली. सुनेने डोळे मिटले नाहीत. चिरलेल्या फळीचे दोन्ही काठ पोलादी पट्टीवर घट्ट आवळले आणि फळी जागच्या जागी अडली. त्यांनी ब्रेकला पाय लावला. पातं चार सेकंदांत थांबलं.

ती तिथेच भुशात बसली. सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला. आणताना थोडं पाणी सांडलं.

"विकायचं नाही ना मग?" तिने विचारलं.

"आता कोण घेतंय? भोकं पाडलीस ना." ते हसले. मग हळूच म्हणाले, "उद्यापासून लांब फळ्या तू काप. हात कुठे ठेवायचे ते मी दाखवतो."

तिने मान हलवली. आणि त्याच क्षणी तिला स्वतःच्या बोटांसाठी भीती वाटली, आजवर कधी वाटली नव्हती तशी.