अलिस्टरचा ‘घरी’

डनेडिनच्या आमच्या ऑफिसात अलिस्टर बावीस वर्षं प्रोग्रॅमर होता. एकच गोष्ट तिसऱ्यांदा टाइप करावी लागली की तो चिडायचा आणि तिचा शॉर्टकट बनवून टाकायचा. मार्चमध्ये तो वारला. त्याचा कॉम्प्युटर शॉर्टकटच्या फाइलसकट माझ्याकडे आला.

ती फाइल आधी नीट वाचायला हवी होती, पण दुसऱ्याचा कोड वाचायचा मला भयंकर कंटाळा. शॉर्टकट मात्र कामाचे होते. अर्ध्या तासाचं टेस्टिंग एका शब्दात उरकायचं. म्हणून गुरुवारी साडेचारला त्या फाइलमध्ये दिसलेला ‘घरी’ हाही शब्द मी टाइप करून पाहिला. काम सेव्ह झालं, उघडं होतं ते सगळं पटापट बंद झालं आणि स्क्रीनवर एक ओळ उमटली: ‘मोइराला मेसेज गेला – निघालोय गं, किटली ठेव.’

मोइरा म्हणजे त्याची बायको. मी लगेच तिला फोन लावला.

“मोइरा, माफ कर. तो मेसेज माझ्या हातून गेला. मी न वाचताच चालवलं.”

ती म्हणाली, “तो नेहमी सांगायचा, ही पोरगी काही म्हणून वाचत नाही.”

“खरंय. आत्ताच्या आत्ता काढून टाकते ते.”

“काढू नकोस,” ती म्हणाली. “मेसेज दिसला आणि सवयीने मी दोन कप चहाचं पाणी ठेवलं. आता तू ये.”