सांधेवाल्याची मान

सोपानची उभी हयात लोणावळ्याच्या स्टेशनात सांधेवाला म्हणून गेली. सांधा फिरवायचा, रूळ नीट बसला का ते डोळ्यांनी बघायचं, मगच बावटा दाखवायचा. न बघता काही सोडायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलं होतं, आणि नेमकं तेच हाड होडीत आडवं येत होतं.

होडी वळवणच्या धरणावर असायची. खंडाळ्याच्या एका शेटजींनी बंगला विकताना गळकी म्हणून टाकून दिलेली. रेल्वेच्या शेडमधल्या राजमहंमद मिस्त्रींनी ती मागून आणली, फटींत काथ्या ठोकला, वर डांबर फासलं आणि रविवारचं मंडळ उभं केलं. मिस्त्री सुकाणूवर. वल्ह्यांवर चौघे: दूध घालणारा दत्तोबा, मकसूद शिंपी, गेणू फाटकवाला आणि सोपान. सगळे चाळिशी उलटलेले. धरणाच्या भिंतीवर बसलेले लोक म्हणत, "पोळा झाला तरी बैलं धुवायचीच राह्यली का रं ही?"

म्हणेनात का. आठवडाभर सोपानला "ए सांधेवाला" एवढीच हाक असायची. होडीत तो सोपानभाऊ होता. रविवारची वाट तो अशी बघायचा, जशी सासुरवाशीण माहेरच्या मुराळ्याची बघते.

पण वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागं असतं आणि होडी पुढं जाते. सोपानला ते सोसेना. पाठीमागं काय आहे ते बघितल्याशिवाय त्याचा हात पुढं होईना. चार हात मारले की मान वळायची, मान वळली की वल्हं तिरपं पडायचं, आणि मागच्या बाकावरच्या मकसूदच्या वल्ह्यावर जाऊन आपटायचं. होडी दारू प्यायल्यागत कलायची.

"सोपानभाऊ, बघायला मी हाय की," मिस्त्री म्हणायचे.

"बघत न्हाई मी, मिस्त्री. मानच वळती."

"मंग मानंला घरी ठिवून येत जावा," दत्तोबा म्हणायचा.

कार्तिकात खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांच्या होडीशी शर्यत ठरली. मिस्त्रींनी सोपानला बाजूला घेतलं. त्यांना ते जड जात होतं, म्हणून ते त्याच्याकडं न बघता विडी शिलगावत बोलले. "येत्या रविवारी एक फेरी मारू. मान वळली तर तुमच्या जागी आमच्या शेडमधला मारुती बसंल. राग धरू नका."

सोपाननं राग धरला नाही. घरी आला तो मात्र अर्धा होऊन.

त्याच्या घरात एक गोष्ट चालायची, ती कुणाला ठाऊक नव्हती. गेल्या पावसाळ्यात त्याची बायको झुंबरबाई शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं आणि वाकडं बसलं. एका हातानं जातं ओढेना, गिरणीतलं पीठ तिला करपट लागे. मग सोपानच पहाटे कडी लावून तिच्यासमोर दळायला बसू लागला. जात्याला बसलेला बाप्या म्हणजे गावाला हसायला आयतं कोलीत. "कुटं बोलू नगा," झुंबरबाईनं त्याला बजावलं होतं. "लोक म्हनतील, नवऱ्याला जात्याला जुपला." खुंट्यावर दोघांचे हात, आणि तिच्या गळ्यातली ओवी. ती आपल्याच मनानं ओव्या जोडायची. सोपान तिच्यामागून गुणगुणायचा, डोळे मिटून.

रविवार आला. पाणी तुडुंब होतं, नुसतं ऊन सांडलेलं. मिस्त्रींनी इशारा दिला. चार हात झाले आणि सोपानच्या मानेला ओढ लागली. त्यानं दात आवळले, डोळे मिटले, आणि नकळत ओठांवर आलं ते आलं:

गाडी गेली गं घाटात, धूर राहिला खिंडीत
कंथ माझा सांधेवाला, उभा पहाटं थंडीत

वल्हं आपोआप पाण्यात जायला आणि यायला लागलं. मिस्त्री सुकाणूवरून बघतच राहिले. होडी दोरी ताणल्यासारखी सरळ निघाली होती.

"आँ?" पुढून दत्तोबा म्हणाला. "कोन तुमचा कंथ, कोन दादला, सोपानभाऊ?"

गेणू फिस्सकन हसला. ओवी थांबली आणि मान गर्रकन वळली. खाट्कन वल्हं मकसूदच्या वल्ह्यावर.

"बायकांची ववी कशापायी म्हनायची?" दत्तोबा म्हणाला. "गुमान वल्हवा की."

सोपानच्या जिभेवर सोपं खोटं तयार होतं, घरात ती म्हणते, कानावर पडली. पण तेवढं बोलून पुढं गप बसावं लागलं असतं, आणि गप बसला तर मान जागेवर राहणार नव्हती.

"दत्तोबा," तो म्हणाला, "मी दळतो. रोज, तिच्यासंगं. ववी म्हनली न्हाई तर माजी मान जाग्याव ऱ्हात न्हाई. आता हसायचं तर हसून घ्या."

होडी तशीच थोडी वाहत गेली. कुणी हसलं नाही. मकसूदनं आपलं वल्हं सोडवून घेतलं. "आमची अम्मा दळताना म्हनायची," तो म्हणाला. "म्हना, सोपानभाऊ. थांबू नका."

दत्तोबानं घसा खाकरला. "फुडची वळ काय म्हनला? कंथ माझा...?"

सोपान घरी आला तेव्हा झुंबरबाई अंगणात घेवडा मोडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"माज्या हाताचंबी सांगितलं?"

"न्हाई. पन दळतो म्हनलो."

"उद्या नळावर बाया मला सोडतील व्हय?"

"न्हाई सोडायच्या," सोपान म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता, पण खोटं सुचेना. "तुला न इचारता बोललो मी."

तिनं पुढची शेंग घेतली, शीर ओढून काढली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "कंची ववी म्हनलात?"

"सांधेवाल्याची."

"अगं बया." तिनं पदर तोंडाला लावला. "चार बाप्यांम्होरं? ती मी तुमच्यापायी जोडलेली."

"ते चौघंबी म्हनत व्हते नंतर."

पदराआडून आधी नुसता खांदा हलला, मग हसू बाहेर आलं. डोळे पुसत तिनं विचारलं, "आन् बसू देनार का शर्यतीला?"

"बसू देनार. पन दुसऱ्या वळीला सगळ्यांची वल्ही आपटत्यात."

"आपटनारच. दुसरी वळ उचलायच्या आदी दम धरायचा असतो." तिनं घेवड्याची पाटी बाजूला सारली. "बसा हितं. कसा धरायचा ते सांगते, तसंच सांगा त्यास्नी."