आवाजाआधीचा धूर

धूर दिसलाच नाही. आला तो आवाज, आणि घड्याळकाकांचा अंगठा त्यांना न विचारताच खाली गेला.

एक. दाबलं गेलं.
दोन. आवाजावर दाबलं.
तीन. छे, धूर दिसला असेल, लक्षात नसेल.
चार. नाही दिसला.

काका शर्यतीच्या शेवटच्या रेषेशी, लोखंडी पायऱ्यांच्या मचाणावर अगदी वर बसले होते. शर्यत सोडणारं पिस्तूल शंभर मीटर पलीकडे. तिथला धूर डोळ्याला लगेच दिसतो. आवाज मात्र मागाहून रमतगमत येतो. त्यावर बटण दाबलं की घड्याळ उशिरा सुरू होतं आणि पळणारी आहे त्याहून वेगवान ठरते. तीस वर्षं काका नवख्यांना बजावत आले होते, "धूर बघा. कानावर जाल तर फसाल."

दहा. अकरा.

नाकतोडी छाती पुढे टाकून रेषेपार गेली. लांब तंगड्यांमुळे मैदानानंच तिला ते नाव दिलं होतं. काकांनी पुन्हा दाबलं.

साडेअकरा सेकंद.

निवडीच्या यादीसाठी नेमका तोच आकडा हवा होता. वेळ टिपणारं कॅमेऱ्याचं यंत्र सकाळीच बंद पडलं, तेव्हा क्रीडा खात्याचा अधिकारी म्हणाला होता, "हातानं दाबायची घड्याळं चालतील. यादी आजच वर जायला हवी."

यादीत नाव लागलं की सरकारचा प्रशिक्षक, डॉक्टर, परदेशातल्या शर्यती. नाही लागलं तर काहीच नाही. "पदक दिसतं तिथेच सरकार पाणी घालणार," अधिकारी हसला होता. "बाकीच्यांनी हौस म्हणून पळावं." नाकतोडीच्या आईनं तर निक्षून सांगितलं होतं: यंदा यादी, नाहीतर शिवणाचा कारखाना, माझ्या शेजारचं मशीन.

"माझं अकरा पॉइंट चार," खालच्या पायरीवरून वेळ मोजणारा नवखा म्हणाला.

"माझं अकरा पॉइंट आठ," कंपाउंडर म्हणाला. तो सुट्टीच्या दिवशी वेळ मोजायला यायचा. "एवढा फरक? कुणीतरी झोपलं होतं."

"तुम्हीच. दवाखान्यातली सवय."

मुख्य पंच बाईंनी हात पुढे केला. "काका, तुमचं दाखवा. मधली वेळ धरायची."

काकांनी घड्याळ मुठीत घट्ट धरलं. सकाळी बायको म्हणाली होती, "डोळा दाखवा म्हणते तर ऐकत नाही. चहात माशी पडली तरी पिऊन मोकळे व्हाल." "एवढी निवड होऊ दे," ते म्हणाले होते.

खाली नाकतोडी गुडघ्यांवर हात टेकून वर बघत होती. "काका, झालं ना?"

बोलायचंही काही नव्हतं, नुसती मूठ उघडायची होती. आकडा खोटा नव्हता. घड्याळ खरंच तेवढंच चाललं होतं.

"बाई, माझं धरू नका."

"का?"

"आवाजावर दाबलं मी. धूर दिसला नाही."

नवखा आपल्या घड्याळाकडे बघत राहिला.

"वाऱ्यानं उडाला असेल," बाई हळूच म्हणाल्या.

"वारा कुठे होता? मोतीबिंदू आहे."

बाईंना नियम पाठ होता. दोनच घड्याळं उरली की जास्तीची वेळ खरी. त्यांनी अकरा पॉइंट आठ लिहिलं. हात मात्र तसाच पुढे ठेवला. काकांनी गळ्यातून दोरी काढली आणि घड्याळ बाईंच्या हातात ठेवलं.

मचाण रिकामं झालं. काका वरच्या पायरीवर तसेच उभे राहिले. खालच्या सगळ्या पायऱ्या मिळून त्यांना एकच पांढरट उतरण दिसत होती.

नाकतोडी वर आली. तिचं रडून झालं होतं.

"खरंच अकरा पॉइंट आठ होती?"

"कंपाउंडर धूर बघतो."

"मग आईला काय सांगू?"

काकांनी पाय पुढे करून पायरी चाचपली. तिनं त्यांचं कोपर धरलं.

"पायरी," ती म्हणाली. काकांनी पाय खाली टाकला.

"पायरी."

"आणखी एक."