केबल तुटली नव्हती

आम्रपालीने टेलिफोन एक्सचेंजमधल्या यंत्राच्या कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की देवघरकरसाहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला.

“सर, कापडे गावाची केबल शाबूत आहे. मी स्वतः तपासून आलेय.”

“हळू बोल.”

“तुळजाबाईंना साप चावला तेव्हा आरोग्य उपकेंद्रातून अँब्युलन्सला फोन लागला नाही, तो आपल्यामुळे. लाईनवर गर्दी झाली की आधी रिसॉर्टवाल्यांना वाट द्यायची, असं इथूनच लावून ठेवलंय. उपकेंद्र सगळ्यांत शेवटी. आणि अशी एखादी लाईन अडली की इथे लाल दिवा लागायला हवा, तोही कोणीतरी बंद केलाय.”

“मीच केला. पावसाळाभर ती कटकट. वरून विचारणा होते.” साहेबांनी बशीतला चहा परत कपात ओतला. “हायवेच्या कामात जेसीबीने केबल तोडली, असं वर कळवलंय. गावालाही तेच सांगितलंय. विषय संपला. तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?”

तिने हेल्मेट उचललं आणि स्कूटर काढली.

पोलादपूर मागे टाकून ती कापड्याच्या रस्त्याला लागली. तो जेसीबी चालवणारा सुशांत कापड्याचाच होता. तुळजाबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावाने त्याच्या घरावर दगड मारले होते.

सुशांतचा बाप दत्ताराम ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता. तिच्या शर्टावरची कंपनीची खूण पाहूनही तो उठला नाही.

“पोरगा नाय हितं. हाकलला मी त्याला. आनि काय पायजे तुमाला?”

“काका, केबल तुटलीच नव्हती. सुशांतने काही केलेलं नाही. चूक आमच्या ऑफिसची आहे.”

धार लावणारा हात थांबला.

“आनि ह्ये आता सांगतेस गो? गावासमोर मारला मी त्याला. लहानपनी कदी हात नाय उचलला, नि त्या दिवशी…”

कोयता भिंतीवर जाऊन आदळला.

“मलाही आजच कळलं. म्हणून सांगायला आले.” ती स्कूटरकडे वळली. एवढं सांगून परतायचं, असंच ती ठरवून आली होती.

“मला एकट्याला सांगून काय उपेग? तुळजाबाईच्या घरी चल. थितं बोल.”

तो चालू लागलासुद्धा. आम्रपाली क्षणभर थांबली, मग त्याच्यामागे गेली.

तुळजाबाईचा मुलगा महिपत भावकीतल्या लोकांबरोबर अंगणात बसला होता. दत्तारामला पाहताच तो ताडकन उठला. दत्ताराम बाजूला झाला आणि आम्रपाली पुढे आली. तिने सगळं सांगितलं.

“तो लाल दिवा कोनी बंद केलान?” महिपतने विचारलं.

“आमच्या साहेबांनी. देवघरकर.”

“उद्या तो म्हनंल, कोन बाई आलीवती आमाला म्हाईत नाय. तुजं नाव काय?”

तिने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मागे पडवीत बसलेल्या बायकांना ते ऐकू गेलं नाही, तेव्हा पुन्हा एकदा, मोठ्याने.