कपाटातली टकटक

धंद्यात त्याला सगळे खडखडे म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते विजेच्या बिलापलीकडे फारसं वापरात नव्हतं. सिनेमातला नट बोलतो तेवढं माइक नीट पकडतो. तो चालतो, खुर्ची ओढतो, कपात चमचा फिरवतो, कुणाच्या मुस्काटात मारतो, ते आवाज मागाहून कोणालातरी बंद खोलीत बसून पुन्हा काढावे लागतात. तो कोणीतरी म्हणजे खडखडे. मुस्काटात मारायला तो कोबीचा गड्डा वापरी. प्रेक्षक नायकासाठी हळहळत, गड्ड्याची विचारपूस कोणी करत नसे.

बायकांची पावलं मात्र त्याच्या पायांना जमली नाहीत. सुरुवातीला टाचांच्या चपला घालून त्यानं प्रयत्न केला, तेव्हा दिग्दर्शकानं शांतपणे विचारलं, "नायिका येतेय की कोणी कपाट सरकवतंय?" त्या दिवसापासून बायको चालायला लागली. आधी उपकार म्हणून, पुढे तीस वर्षं सवय म्हणून. नायिका, सासवा, नर्सा, दोन राण्या आणि एक भूत, सगळ्या तिच्या पायांनी चालल्या. नामावलीत तिचं नाव कधी आलं नाही. "पायांचं कसलं नाव लावतात?" असं म्हणून ती चपला बदलायची.

खोलीत लाकडाची, फरशीची आणि रेतीची अशा तीन चौकटी होत्या. चौकटीत उभी राहून ती दर वेळी विचारी, "निघू का?" काचेमागून तो मान हलवी. सात-आठ पावलं झाली की ती म्हणे, "पोचले." मग सिनेमाला देण्याच्या फाइलमधून तो पुढचं "निघू का" आणि मागचं "पोचले" कापून टाकी. सिनेमाला फक्त पाय हवे होते. बोलायला नटी होती.

खडखडेचा जगात एकच वैरी होता, संगणकाचा पंखा. बाकी कोणाला ऐकू न येणारी त्याची घरघर याला प्रत्येक पावलामागे ऐकू येई. शेवटी त्यानं संगणक भिंतीतल्या कपाटात कोंडला. दाराला आतून दोन जाड रजया ठोकल्या, फटींना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. सगळं काम ज्या डिस्कवर होतं ती आत. त्या कामाची नक्कल ठेवलेली दुसरी डिस्कही आत, कारण तीही गुणगुणायची. शांतता अशी झाली की स्वतःच्या पोटातलं ऐकू यावं.

बायको दर दोन-तीन रेकॉर्डिंगनंतर येऊन ते दार उघडी आणि हातातल्या कागदानं आत वारा घाली.

"अहो, श्वास घेऊ द्या त्याला."

"यंत्र आहे ते."

"म्हणून काय झालं? उकडायचं ते उकडतंच."

ती गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती नव्हती. इतक्या घाईनं ती कुठल्याच सिनेमात चालली नव्हती.

त्यानंतर खडखडेनं आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता एक काम हाती घेतलं. बावीस मिनिटांचं, संवाद नसलेलं, फक्त कानांसाठी. एक बाई सकाळी उठते, घरभर फिरते, कुणासाठी तरी थांबते, पुन्हा फिरते आणि संध्याकाळी चपला घालून जिना उतरते. सगळी पावलं तिची, तीस वर्षांच्या न कापलेल्या मूळ रेकॉर्डिंगमधून वेचलेली. राणीची तीन, नर्सची चार, भुताची अर्धी. सुरुवातीला तिचं "निघू का?" आणि अगदी शेवटी "पोचले." या वेळी ते कापायचं नव्हतं.

दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीशिवाय त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. काम पुरं झालं तसा त्यानं फोन केला. लेक म्हणाली, "पाठवून दे ना."

"फोनच्या स्पीकरवर ऐकायची गोष्ट नाही ती. तू ये."

"रविवारी येते."

बुधवारी दुपारी संगणक बंद पडला. खडखडेनं रजयांचं दार उघडलं तेव्हा आतून तापलेल्या अंगासारखी ऊब त्याच्या तोंडावर आली. दोन वर्षांत ते दार कोणी उघडंच ठेवलं नव्हतं. त्यानं संगणक पुन्हा सुरू केला, कान आत घातला. टक. टक. मग सरकल्याचा बारीक आवाज. टक. दुसऱ्या डिस्ककडून तेवढंही नाही.

डिस्क दुरुस्त करणारी मुलगी गल्लीच्या टोकाला एका अरुंद गाळ्यात बसे. डोळ्याला भिंग, हातात मोजे. तिनं पहिली डिस्क जोडली, दोन क्षण ऐकली आणि लगेच वीज काढली.

"काका, ही टकटक कधीपासून येत होती?"

"माहीत नाही."

"आधी दोन-तीन आठवडे तरी येते. घरातल्या कोणाच्या कानावर पडली असेल की."

"घरात मी एकटा असतो."

"मग तुमच्या?"

खडखडेनं दुसरी डिस्क तिच्यापुढे सरकवली.

"काय काम करता तुम्ही?"

"आवाजाचं," तो म्हणाला.

मुलीनं भिंगातून त्याच्याकडे पाहिलं. हसावं की नाही हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून तिनं दुसरी डिस्क उचलली.

"आणि ही?"

"नक्कल."

"कुठे ठेवली होती?"

"तिच्या शेजारी."

"त्याच कपाटात? रजईत?"

"थंडी वाजेल म्हणून नव्हे," खडखडे म्हणाला. "आवाज नको म्हणून."

तिनं दोन्ही ठेवून घेतल्या. शनिवारी दुपारी तिचा फोन आला. दुसरीतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स जळली होती आणि पहिलीच्या तबकडीवर ओरखडे उठले होते. "पहिल्या ओरखड्याला थांबवली असती तर बरंचसं निघालं असतं, काका. ती घासत राहिली." मग जरा थांबून म्हणाली, "फोटो होते का?"

"नाही. चालणं होतं."

"सॉरी हं," ती म्हणाली. माणूस इतक्या हळू आवाजात बोलला की तो खरं बोलतो, हे खडखडेला अनुभवानं माहीत होतं.

रविवारी सकाळी लेक आली. दारातच पिशवी ठेवून म्हणाली, "चहा नंतर. आधी लाव."

त्यानं सांगितलं. रजया, टकटक, ओरखडे, सगळं, एखाद्या अनोळखी माणसाची तक्रार लिहून घ्यावी तशा आवाजात. लेक पिशवीशेजारीच बसली.

"पण तुझ्या कानाला तर शेजाऱ्यांचं घड्याळ ऐकू येतं, बाबा."

"शेजाऱ्यांच्या घड्याळाला मी रजया नव्हत्या ठोकल्या."

"आई दार उघडायची."

"हो."

मग तिला सुचलं. "सिनेमे तर आहेत ना. त्यात आईच चाललीय."

त्यांनी एक सिनेमा लावला. जिन्यावरून राणी उतरत होती. नऊ पावलं. पहिल्या दोनांवर सनई, मधल्या चारांवर सैन्य, उरलेल्या तिनांवर राणी स्वतः बोलत होती. लेकीनं ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं.

"ही ती नटीच वाटते."

"तसंच वाटायला हवं होतं," खडखडे म्हणाला. "छान काम केलं होतं आम्ही."

दुसऱ्या एका सिनेमात नर्स ओसरीवरून चालत जाते. तिथे पाऊस होता. तो पाऊसही खडखडेनंच पाडला होता, गरम तव्यावर मीठ टाकून. त्यानं टीव्ही बंद केला.

लेक उठून आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पायांत आईच्या तपकिरी चपला होत्या, अंगठ्याशी झिजलेल्या. माप बरोबर बसलं होतं.

"माइक चालतो ना तुझा? हातातलं छोटं रेकॉर्डर आहे ना?"

"ते आहे."

"मग बस काचेमागे."

त्याला नको होतं. पण तीस वर्षं कोणी चौकटीत उभं राहिलं की तो हेडफोन घाली, तसे त्यानं घातले. लेक लाकडावर उभी राहिली आणि चपलांकडे बघत म्हणाली, "बाबा, कुठल्या पायानं सुरू करू?"

"डाव्या. ती डाव्यावर जरा जास्त टेकायची."

ती चालली. आठ पावलं. खडखडेनं डोळे मिटले होते. पहिल्या पावलाला त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले, दुसऱ्याला त्याला नीट ऐकू यायला लागलं, आणि पाचव्यापर्यंत शंकेला जागा उरली नाही.

"जमलं?"

"जमलं."

लेक काचेजवळ आली. "दिग्दर्शकांशी असं खोटं बोलायचास?"

"त्यांच्याशी नाही बोलायचो."

"मग खरं सांग. आईसारखं झालं का?"

"नाही."

"जराही?"

"नाही, बाळा."

"मग कोणासारखं?"

त्यानं हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले आणि आठ पावलं ऐकवली. टाच आधी, मग उशिरानं पंजा, जड, घाई नसलेली.

"कपाट सरकवल्यासारखं," तो म्हणाला. "माझ्यासारखं."

ती हसली. मग हेडफोन न काढताच तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते. खडखडेनं आवाजाच्या काट्याकडे बघत राहणं पसंत केलं, पण काटा स्थिर होता. रेकॉर्डिंग बंद होतं.

दुपारभर तो तिला सांगत राहिला. आई वळताना आधी खांदा वळवायची. फरशी ओली असली की बोटं आवळायची. कोणी हाक मारली तर अर्ध्या पावलावर थांबायची आणि ते अर्धं पाऊल मग खाली ठेवायची. याची नोंद कुठल्या डिस्कवर नव्हती. लेक प्रत्येक गोष्ट करून बघे आणि एकही तिला जमत नसे. तो प्रत्येक वेळी "नाही" म्हणे.

संध्याकाळी ती निघाली. जाताना दिवसभराच्या फाइलींची एक प्रत तिनं फोनमध्ये घेतली, एक स्वतःलाच मेल केली. "नावं काय दिलीस?" त्यानं विचारलं.

"'नाही एक' ते 'नाही चौदा.'"

ती गेल्यावर खडखडेनं कपाटाच्या दारावरच्या रजया काढल्या. खिळे गंजले होते, दोन वाकले. आत डिस्क काढलेला संगणक तेवढा उरला होता. दार उघडं ठेवून तो खुर्चीत बसला आणि त्यानं रेकॉर्डरवर 'नाही एक' लावली. पावलांच्या आधी लेकीचा आवाज होता, "बाबा, कुठल्या पायानं सुरू करू?" आणि त्यानंतर त्याचाच, काचेमागून, जरा लांबचा.

कापायचं बटण त्याच्या बोटाखाली होतं. त्यानं बोट उचललं आणि पुढची आठही पावलं शेवटपर्यंत ऐकली.