बाईचं काम

दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईला, गावात नाटक असलं की सुगंधाला घराबाहेर पडूच नये असं वाटायचं. तिचा नवरा मुखरू नाटकात बाईचं काम करायचा, आणि आसपासच्या गावांत त्याच्यासारखी बाई दुसरी नाही असं लोक म्हणायचे.

त्या काळी सिंदेवाहीकडच्या गावांत बाया नाटकात उभ्या राहत नसत. राणी असो की दासी, लुगडं बाप्यानंच नेसायचं. मुखरू अंगानं शेलाटा, रंगानं उजळ, मनगटं बारीक. तोंडाला सफेदा लावून, काजळ घालून, केसांचा टोप चढवून तो ग्यासबत्तीच्या उजेडात आला की माणसं आधी चूप व्हायची आणि मग शिट्ट्या सुरू व्हायच्या.

सुगंधा बायांच्या बाजूला बसायची. ती काळीसावळी, खांद्यांनी रुंद. लहानपणी देवी येऊन गेल्या, त्याचे वण दोन्ही गालांवर. रोवण्याच्या दिवसांत चिखलात तिच्या बरोबरीनं कोणी टिकत नसे, आणि धानाचा भारा ती कोणाचा हात न लागता डोक्यावर घ्यायची. सासू नीलाबाईनं हेच पाहून तिला पसंत केलं होतं. पण त्या वर्षीच्या मंडईत तिच्या मागं बसलेली एक पाहुणी शेजारणीला विचारत होती, याची बायको कोणती म्हणून. शेजारणीनं बोट दाखवलं असावं. मग पाहुणी म्हणाली, "देवानं अदलाबदल केली म्हना की."

दोघी हसल्या. त्या हसण्यात खोट नव्हती, सहज सुचलं म्हणून हसल्या, आणि म्हणूनच ते सुगंधाला जास्त लागलं. तिनं पदर पुढं ओढला. नाटक संपेस्तोवर तिनं तो मागं घेतला नाही, त्यामुळं त्या वर्षीचं नाटक तिनं पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं.

मुखरू वाईट माणूस नव्हता. दारू पीत नसे, हात उगारत नसे. पण बाई कशी असते हे तो नाटकासाठी इतकं मन लावून शिकला होता की घरातली बाई त्याला चुकल्यासारखी दिसायला लागली. पाय एवढा लांब टाकू नको, हसताना तोंडावर हात घे, बसताना गुडघे फाकवू नको, असं तो सांगायचा, तेही हळू आवाजात, तिचं भलं व्हावं म्हणून. पाणी आणताना मान कशी कललेली पाहिजे हे त्यानं एकदा घागर आपल्या कमरेवर घेऊन करून दाखवलं. ते खरोखरच सुंदर दिसलं. सुगंधाला रडूच आलं. बाई म्हणून जन्माला येऊन आपल्याला बाई होता येत नाही, असं तिला वाटलं.

मग ती धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या त्या अरुंद बांधावर, कोणी बघत नसताना, पाय जवळजवळ टाकून चालून पाहू लागली. गालांना साय चोळू लागली. अंग बारीक व्हावं म्हणून ताटात भात ठेवून उठू लागली. कापणीच्या ऐन दिवसांत भारा उचलताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती धानासकट खाली बसली. नीलाबाईनं तिला बाजूला घेऊन विचारलं, दिवस गेले का. सुगंधानं नाही म्हणून मान हलवली. उपाशी का राहते हे सासूला सांगायची तिला लाज वाटली, आणि दिवस गेले नाहीत याचीही.

नाटक मंडळी भैयाजी चालवायचा. त्यानं मुखरूसाठी सिंदेवाहीच्या गुलाम रसूल शिंप्याकडून मखमलीची चोळी शिवून घेतली होती. आतून कापूस भरून छाती उठवलेली. चोळी मुखरूच्या घरीच पेटीत असायची. एका दुपारी घरात कोणी नसताना सुगंधानं ती काढली आणि घालून पाहिली. खांद्यांवरून ती पुढं येईना. कापसाचा उठाव एकीकडं आणि तिचं अंग दुसरीकडं. तिनं जोर केला आणि बगलेतली शिवण टरकन उसवली.

बाजाराच्या दिवशी ती स्वतःच चोळी घेऊन सिंदेवाहीला गेली. गुलाम रसूलनं उसवलेली जागा पाहिली, मग तिच्या खांद्यांकडं पाहिलं आणि काही न विचारता सुई ओवली. टाके घालता घालता तो म्हणाला, "हे माप कोन्या बाईचं नाई, बाई. भैयाजीनं हवेत हात फिरवून दाखवलं, तसं शिवलं."

पुढं कधीतरी तिला या बोलण्याचा आधार वाटला असता. तेव्हा मात्र तिला एवढंच कळलं की चोळी कोणी घातली हे या माणसानं ओळखलं. घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

माघात गुणवंतरावांच्या गावी शंकरपट भरला. गुणवंतराव जुने मालगुजार, गावाचे जमीनदार. मालगुजारी गेली होती तरी लोक त्यांना मालकच म्हणत. बैलांच्या शर्यतीही त्यांच्या, रात्रीचं नाटकही त्यांचं, मंडळींचं जेवणही त्यांच्याकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरू परतला तो कोणाशी न बोलता घरामागं आंघोळीला बसला. सुगंधा ऊन पाणी घेऊन गेली. तिला पाहून त्यानं झटकन धोतर छातीपर्यंत ओढलं. पण तिला दिसायचं ते दिसलं होतं. कमरेवर आणि छातीखाली निळे डाग होते. तो म्हणाला, पडद्यामागं पाय घसरून पडलो.

सुगंधानं पाणी खाली ठेवलं. ते डाग बोटांचे होते. पडल्यानं तसे डाग येत नाहीत.

"कोन?" तिनं विचारलं.

मुखरू जमिनीकडं बघत होता. तसंच तो बोलला. "गुणवंतराव आले रंगपटात. मले लुगडं बदलू देल्लं नाई. म्हने, थोडा वेळ अशीच राह्य. मी म्हटलं, मालक, मी बाप्या आहो. तर म्हने, मले काय मालूम नाई?" मग तो म्हणाला, "भैयाजी तिथंच होता. तो बाहेर गेला."

ते ऐकताना सुगंधाच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते होतं, बरं झालं. दया नंतर आली. आधी तेच आलं, अगदी स्पष्ट, जणू कोणी तिच्याच आवाजात बोललं. चालायला शिकवत होता, मान कलवायला शिकवत होता, आता कळलं म्हणावं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी लाज वाटली की मंडईतलं ते हसणं त्यापुढं काहीच नव्हतं. समोर तिचा नवरा अंग चोरून बसला होता, आणि तिला बरं वाटलं होतं.

मुखरूनं मान वर केली नाही. "तुले कधी असं…" एवढं म्हणून तो थांबला.

"कोन्या बाईले नाई झालं, ते विचारा," सुगंधा म्हणाली.

त्यानं हातातला लोटा खाली ठेवला. पाणी निवून गेलं तरी तो तसाच बसून राहिला.

होळीच्या सुमाराला गुणवंतरावांचा निरोप आला, नाटक पुन्हा पाहिजे. भैयाजीनं शब्द देऊनही टाकला होता. मुखरू नाही म्हणाला तेव्हा भैयाजीनं त्याला समजावलं, एवढंसं मनावर घ्यायचं नसतं, बाईचं काम करायचं म्हणजे हे चालायचंच. गावात दुसऱ्या कोणाला कारण सांगायची सोय नव्हती. कोणी विश्वास ठेवला नसता, आणि ज्यानं ठेवला असता तो हसला असता. भैयाजीला दुखवायची हिंमत मुखरूमध्ये नव्हती. शेवटी सुगंधा म्हणाली, मी येते. बाईमाणसानं रंगपटात येणं बरं दिसत नाही, असं भैयाजीनं सांगून पाहिलं. तिनं कपड्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि मंडळींच्या बैलबंडीच्या मागं चालू लागली.

रंगपट म्हणजे बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा. दिवेलागणीला मुखरू आरशापुढं बसला, पण त्याला काजळ दोनदा पुसावं लागलं. सुगंधा दारात बसली. थोड्या वेळानं गुणवंतराव आले.

"तू कोन वो?"

"याची बायको."

त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग खांद्यांकडं, मग गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडं. ही नजर तिला जन्मभर ठाऊक होती. आजही तिचं तोंड तापलं. हात आपोआप पदराकडं गेला. पण पदर ओढला तर डोळे झाकले जातील आणि हा माणूस आत जाईल, म्हणून तिनं तो हात परत गुडघ्यावर ठेवला. ती जागची हलली नाही. गुणवंतराव थोडा वेळ उभे राहिले. मग मागं आलेल्या भैयाजीकडं वळून "हे काय आणलं बे?" म्हणत हसले, आणि निघून गेले.

जिंकल्यासारखं तिला काहीच वाटलं नाही. आपल्या रूपाला पाहून तो माणूस परत गेला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. याचा आनंद मानावा की नाही, हे तिला ठरवता येईना. आत मुखरूनं सगळं ऐकलं होतं. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "माफ कर."

पुढच्या वर्षी मुखरूनं बाईचं काम सोडलं. त्याला नाटकात शिपायाचं काम मिळालं. आवाज लहान, मिशा चिकटवलेल्या. लोक हसले. बाईचं काम डोमाकडं गेलं. डोमा नवा गडी, अजून मिसरूडही धड न फुटलेला, त्याच वर्षी लग्न झालेलं. भैयाजीनं त्याला चोळी दिली. गुणवंतरावांनी शंकरपटाचं नाटक आधीच ठरवून ठेवलं होतं.

सुगंधानं मुखरूला सांगितलं, डोमाले सांगून ठेवा. मुखरू त्याच्या घरी गेला, बसला, धानाचं बोलला, बैलाच्या खुराचं बोलला आणि परत आला. "जीभ नाई उचलली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुगंधानंच विहिरीवर डोमाच्या बायकोला गाठलं. पोर लहान होती, गोरी होती, सगळे तिला देखणी म्हणत. सुगंधानं मुखरूचं नाव घेऊन सगळं सांगितलं. सांगताना तिची मान खालीच होती. पोरीनं दोर ओढणं थांबवलं नाही. बादली काठावर आली तेव्हा ती म्हणाली, "मले येकटीले भेव वाटते. तुमी याल का संगं?"

माघात, शंकरपटाच्या रात्री, त्या दोघी रंगपटाच्या दारात बसल्या. येणारे-जाणारे त्यांच्याकडं पाहून हसत होते. एक बाई ओळखीची निघाली, तिनं हटकलंच, नवऱ्याची राखण करायला बसल्या का म्हणून. डोमाच्या बायकोनं तोंड फिरवलं. सुगंधालाही लाज वाटत होती. पण गुणवंतराव अजून यायचे होते आणि आतून डोमाचा आवाज येत होता, टोप घट्ट बसत नाही म्हणून तो कोणाला तरी सांगत होता, आणि म्हणून ती उठली नाही.